आठव्या महिन्यात 'पित्त' म्हणण्याआधी बीपी मोजा

आठव्या महिन्याची गरोदर बाई सांगते, "डोकं ठणकतंय, फासळ्यांखाली दुखतंय, उलटीसारखं होतंय." घरचे म्हणतात, पित्त असेल. रोवणीचे दिवस असतील तर म्हणतात, थकवा असेल. घरच्यांचं मी समजू शकतो. पण आमच्यातले काही डॉक्टरही बीपी न मोजता पित्ताची गोळी लिहून देतात. याला माफी नाही.

ही लक्षणं प्रीएक्लॅम्पसियाची असू शकतात. पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेला की हा आजार तपासावाच लागतो. १६०/११० म्हणजे तातडीची वेळ. लघवीत बहुधा प्रथिनं सापडतात. फासळ्यांखालचं दुखणं यकृताला सूज आल्याचं असू शकतं. त्यातून 'हेल्प सिंड्रोम' झाला तर रक्तपेशी फुटतात, प्लेटलेट घसरतात. काही जणींमध्ये तेव्हा बीपी फारसा वाढलेलाही नसतो, म्हणून रक्ततपासणी हवीच. पुढे झटके येतात. मग कुणी 'अंगात आलं' म्हणून मांत्रिकाकडे नेतं आणि उरलेला वेळही जातो.

"खेड्यात सोयी नाहीत" हे उत्तर इथे चालत नाही. बीपीचं यंत्र आणि लघवीची पट्टी उपकेंद्रातही वापरता येते. २००२ च्या मोठ्या 'मॅगपाय' अभ्यासात मॅग्नेशियम सल्फेटमुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. हे औषध स्वस्त आहे. त्याचा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊनच रुग्णाला पुढे पाठवायला हवं. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या जंगलातल्या गावातून गोंदियाला पोहोचेपर्यंत झटका थांबून राहत नाही. आपल्या भागात सिकलसेलही बराच आहे आणि त्या बायांना हा धोका जास्त असतो.

म्हणून बायांनो, दर तपासणीला विचारा, "माझा बीपी किती आला?" आकडा कार्डावर लिहून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पोटात वर दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. झटका आला तर लगेच १०८ ला फोन करा. बाळंतपणानंतरही सहा आठवडे सावध राहा.

बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात. तेवढी मागायला लाजू नका. आणि डॉक्टर मित्रांनो, ती मागण्याची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका.