इर्विन की नागपूर?

आमच्या शेजारच्या काकू संध्याकाळी ओट्यावर मेथी निवडत बसतात. लांबून सायरन आला की त्यांचा हात थांबतो. पहिला प्रश्न, "कुठची गाडी होय जी?" तो विरायच्या आत दुसरा, "इर्विनले वळली का सरळ गेली?"

अमरावतीत पंचवटी चौकाच्या आसपास राहणाऱ्याला याचं उत्तर नुसत्या कानानं देता येतं. गाडी इर्विनकडे, म्हणजे जिल्हा रुग्णालयाकडे, गेली की आवाज घरांच्या आड जाऊन एकदम बुजतो. गाडगेनगरवरून रहाटगावच्या दिशेनं निघाली, तर बराच वेळ ऐकू येत राहतो, बारीक होत होत. ती नागपूरची. म्हणजे 'रेफर', इथं जमत नाही म्हणून मोठ्या दवाखान्याकडे धाडलेला रुग्ण. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही वऱ्हाडात हा शब्द येतो. तो कानावर पडला की घरातलं एक जण पैशाच्या सोयीला उठतं आणि दुसरं डब्याच्या.

दादरला भाच्याकडे चार दिवस होतो, तेव्हा पहिल्याच रात्री मी तीनदा खिडकीशी जाऊन आलो. भाचा म्हणाला, "मामा, कोणाची वाट पाहताय?" त्याला सायरन ऐकूच आला नव्हता. खाली सिग्नलला गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या, मध्ये ॲम्ब्युलन्स अडकलेली. वाट दिली नाही तर 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ई खाली 10,000 रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण पुढच्या टॅक्सीनं जायचं कुठं?

यावरून मुंबईकराला बधिर ठरवायची आपल्याकडे मोठी हौस. मला ते पटत नाही. दिवसाकाठी इतके सायरन कानावरून गेले, तर प्रत्येकामागचं माणूस शोधत कोण बसेल? आणि आपलं ते विचारणं तरी कुठं सगळं मायेचं असतं! जिनिंगला आग लागली की बंबाच्या आधी अर्धं गाव पोचतं, आणि मग बंबालाच वाट सापडत नाही. मे महिन्यातलं ऊन, कापसाच्या गंजीत आतल्या आत धुमसणारी आग, आणि भोवती मोबाइल वर धरलेले हात. मुंबईत सायरन अडतो तो जागा नसते म्हणून. इथं जागा असते, ती आपण उभं राहून भरतो.

माझं लहानपण अकोल्यात गेलं. तेव्हा भोंगा म्हणजे सावतराम मिलचा. त्याच्यावर कुकर चढायचे, घड्याळं लागायची, आम्ही शाळेला पळायचो. त्या आवाजाची भीती कुणालाच नव्हती. 1974 साली मिल सरकारकडे गेली, पुढं बंदही पडली. आता वर्षातून एकदा, 30 जानेवारीला अकरा वाजता, हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध राहण्याचा भोंगा होतो. रस्त्यावरची माणसं मनगटाकडे पाहतात आणि चालू लागतात. मिलचा भोंगा हाताला काम सांगायचा, म्हणून अंगात भिनला होता. या भोंग्याचं तसं काही झालं नाही.

7 मे 2025चा दिवस आठवतो. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी महाराष्ट्रातली सोळा ठिकाणं निवडली होती. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक, आपल्या बाजूनं जवळचं म्हणजे भुसावळ. विदर्भातलं एकही नव्हतं. चढउतार करणारा भोंगा धोक्याचा, एकसुरी भोंगा धोका टळल्याचा, हे सगळ्यांनी टीव्हीवरून पाठ केलं होतं. अकोल्याचा मित्र फोनवर म्हणाला, "आपल्याकडं नाही वाजत म्हन्ते. आपल्याले कोनी शत्रूही विचारत नाही." हसलो दोघंही. हसण्यात थोडी खंतही होती, कबूल करतो.

नितीन गडकरींनी 2021मध्ये नाशिकच्या कार्यक्रमात सायरनच्या कर्कश आवाजाऐवजी आकाशवाणीच्या सुरावटीसारखं काही आणायचं बोलून दाखवलं होतं. नागपूरच्या माणसाचं मन रसिक, त्याबद्दल शंका नाही. पण लोक ऐकत उभे राहिले तर? मोहित्यांचे वडगाव या सांगली जिल्ह्यातल्या गावानं तर 2022मध्ये संध्याकाळी सातला भोंगा लावून टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. तिथं तो ऐकला जातो, कारण कशासाठी वाजतो ते घरोघर ठाऊक आहे. नेत्याच्या ताफ्याचा सायरन कशासाठी वाजतो, हे मात्र मला आजवर कळलेलं नाही. 1 मे 2017ला लाल दिवे उतरले. आवाज गाडीतच राहिला. रिकामा सायरन चारदा ऐकलेला रिक्षावाला पाचव्यांदा बाजूला होत नाही, आणि पाचव्या गाडीत खरोखर कोणी असतं.

खरी गोष्ट मेळघाटात कळते. 108ची ॲम्ब्युलन्स सेवा 2014च्या जानेवारीत 937 गाड्यांनिशी सुरू झाली. धारणीकडच्या माणसानं हा नंबर फिरवला की फोन पुण्याला औंधमध्ये उचलला जातो. गाव कोणतं, जवळची खूण काय, हे तिकडच्या माणसाला समजावून सांगायचं, तेही फोनला रेंज असली तर. तिथून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात. मध्ये सेमाडोहचं जंगल आणि घाट. त्या वाटेवरच्या एका चालकाला विचारलं, घाटात सायरन लावता का? तो म्हणाला, "कोनाले वाजवू भाऊ? सागाले?"

2022च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचा पट्टा 105 तास 33 मिनिटांत डांबरून विक्रम झाला. चांगलंच झालं. पण आमच्या सायरनची लढाई गर्दीशी कमी आणि किलोमीटरशी जास्त आहे. डोक्याला मार लागलेल्याला रात्री दोन वाजता अमरावतीहून नागपूरला न्यायचं म्हणजे आणखी दीडशे किलोमीटर. अकोल्याहून अडीचशेच्या आसपास. अकोल्यात वैद्यकीय महाविद्यालय 2002पासून आहे, अमरावतीत 2024ला सुरू झालं. या दोन्ही शहरांत रात्री मेंदूची शस्त्रक्रिया करणारा हात हजर राहिला, तर सायरनची लांबी आपोआप कमी होईल. दंडाची पावती फाडण्यापेक्षा मला ते आधी हवं आहे.

परवा रात्री जेवणानंतर पुन्हा आवाज आला. काकू ओट्यावरच होत्या. चौकापर्यंत आला, क्षणभर थबकल्यासारखा झाला आणि वाढत वाढत गाडगेनगरकडे निघाला. काकू उठून उभ्या राहिल्या. आवाज पुरता बुडेपर्यंत तशाच उभ्या होत्या.