वाळूतलं सोनं आणि उरलेले दोन टक्के

मंडळी, या खेपेला आमच्या सदरात लॉन मोअर नाही की गळका नळ नाही. या खेपेला सोनं! घाबरू नका, कुठली स्कीम विकायला आलेलो नाही.

सॅक्रामेंटो, बे एरियाकडची मंडळी मुलांना कोलोमा दाखवायला नेतात. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला सटरच्या लाकूड-गिरणीच्या पाटात सोनं दिसलं, ते हे गाव. तिथून परतताना एखाद्या खटपट्या बाबांच्या मनात येतं, की पॅन हलवत बसण्यापेक्षा सेकंडहँड सक्शन ड्रेज का घेऊ नये? तर आधी ते यंत्र समजून घेऊ. यंत्र खरंच हुशार आहे.

नदीच्या तळाचा व्हॅक्यूम क्लीनर म्हणा ना. गंमत अशी की गोटे आणि वाळू पंपातून जातच नाहीत. गेली असती तर पंपाची पाती केव्हाच झिजली असती. पंप नुसतं पाणी ओढतो आणि बारीक तोंडातून एका जाड नळीत जोरात सोडतो. त्या धारेच्या मागे दाब कमी होतो, आणि होजच्या दुसऱ्या टोकाने वाळू-गोटे वर खेचले जातात. पूर्वी ही धार नॉझलपाशीच सोडत, म्हणजे पाण्यात उतरलेल्या माणसाने दोन-दोन होज सांभाळायचे. पुढे धार वर तराफ्यापाशी नेली आणि हातात एकच होज राहिला. नॉझलच्या तोंडाला होजपेक्षा लहान कडं बसवलं, म्हणजे कड्यातून गेलेला दगड सहसा पुढे अडकत नाही. ट्रकच्या ट्यूबवर तरंगणाऱ्या तराफ्याला प्लास्टिकचे पोंटून आले. ही झाली सोय.

खरी अक्कल लागली ती स्लूस बॉक्समध्ये, म्हणजे वर आलेला माल ज्या उतरत्या पेटीतून वाहतो तिथे. आपल्या आया-आज्या तांदूळ रोळायच्या, आठवतं? हात जोरात फिरला की तांदूळही पाण्याबरोबर जायचे. इथे तेच. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. तेव्हा आडव्या पट्ट्यांमागे सोनं बसायला हवं. पण मोठे गोटे ढकलायला पाणी जोराचं लागतं, आणि जोराच्या पाण्यात सोन्याचे चपटे, बारीक कण निघून जातात. मोठं इंजिन लावून हे सुटणारं नव्हतं, उलट बिघडणारं होतं. मग पेटीत जाळी घातली. गोटे वरून गेले, बारीक माल जाळीतून खालच्या मजल्यावर पडला, आणि तिथे पाणी संथ ठेवलं. तळाशी गालिचा. आम्हाला विचाराल तर सगळ्या सुधारणांत ही एकच खरी मोठी.

आता पारा. गोल्ड रशमधल्या लोकांनी सोनं धरायला पारा वापरला आणि त्यातला खूपसा वाहून गेला. कॅलिफोर्नियाभर असा सुमारे १ कोटी पौंड पारा सांडल्याचा सरकारी भूशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तो आजही नद्यांच्या तळाशी आहे. राज्याच्या पाणी खात्याने अमेरिकन नदीच्या साउथ फोर्कवर, म्हणजे कोलोमावरून वाहणाऱ्या त्याच पाण्यात, ड्रेज चालवून पाहिला. २००५ च्या अहवालात निकाल आला: ड्रेजने ९८ टक्के पारा पकडला.

मुलाने ९८ टक्के आणले तर आपण पेढे वाटू. (आपल्यातले काही जण उरलेले दोन कुठे गेले तेही विचारतील!) इथे ते विचारायलाच हवं. निसटलेल्या बारीक गाळात पाऱ्याचं प्रमाण इतकं होतं, की घातक कचरा ठरायला जेवढं लागतं त्याच्या दहापटीहून अधिक. हा गाळ प्रवाहाबरोबर दूर जातो, तिथे पाऱ्याचा मिथाइल पारा होऊ शकतो आणि तो मासळीत साठतो. आपल्यातले मासेखाऊ कमी आहेत का?

ऑगस्ट २००९ पासून कॅलिफोर्नियाच्या नद्यांत ड्रेज चालवायला बंदी आहे. खाणकामाचा फेडरल क्लेम असला तरी ती लागू होते, हे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ साली सांगितलं. नुसता चालवणंच नव्हे, बंद असलेल्या पाण्यापासून १०० यार्डांत तो जवळ बाळगणंही गुन्हा. तेव्हा "चारशे डॉलर, इंजिन चालू" अशी जाहिरात दिसली तर इंजिन चालू असेलही, पण ते लावणार कुठे? दुसऱ्या राज्यांतल्या मंडळींनी आपापले नियम आधी विचारून घ्यावेत. ओरेगन आणि वॉशिंग्टननेही लगाम आवळले आहेत.

पॅन मात्र जरूर घ्या. कोलोमाच्या पार्कात ठरलेल्या जागी फक्त हात आणि पॅन चालतो. पॅनमध्ये चांदीसारखा डुगडुगणारा थेंब किंवा पांढरट पडलेला सोन्याचा कण दिसला, तर तो पारा समजा. मुलांना हात लावू देऊ नका. घरी स्टोव्हवर तापवून सोनं "शुद्ध" करायला तर मुळीच जाऊ नका, पाऱ्याची वाफ अख्ख्या घराला बाधेल. घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद करा आणि आपल्या काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्या.