राजेहो, हसून मोकळे होऊ नका!

लग्नाची वरात चौकात येते. बँडवाला ठेका बदलतो. आणि जन्मात कधी न नाचलेले, पोट सुटलेले मामाजी पुढे होतात. कोपरं वाकवलेली, खांदे हलकेच उडताहेत, एका पायावरून दुसऱ्या पायावर नुसतं डुलणं चाललंय. गिरकी नाही, उडी नाही. तरी वरात हसते, टाळ्या पिटते आणि बघता बघता दहा जण तसेच डुलायला लागतात.

मामाजींना हे कोणी शिकवलं? त्यांना सांगता येणार नाही, पण आपल्याला सांगता यायला हवं. हा भगवानदादांचा नाच आहे. भगवान आबाजी पालव, जन्म १ ऑगस्ट १९१३, गाव अमरावती. आपल्या दारव्ह्यातून सकाळी नेरमार्गे निघालो तर दुपारच्या जेवणाआधी पोचू, एवढ्याच अंतरावर हा माणूस जन्मला. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक होतं? मला स्वतःला कळलं तेव्हा डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झाले होते.

वडील गिरणी कामगार. पोरगा मुंबईत वाढला, मजुरी केली, तालमीत घाम गाळला. कुस्तीच्या नादातून ‘दादा’ हे नाव चिकटलं ते कायमचंच. मूकपटांच्या काळात पडद्यावर आला आणि तिथेच राहिला. १९३८ साली ‘बहादुर किसान’चं सहदिग्दर्शन केलं. १९४१ साली तर ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट केला. पुढे स्वतःची जागृती पिक्चर्स काढली, चेंबूरला स्टुडिओ उभा केला. चित्रपट कसले, तर थोड्या पैशांत झटपट होणारे मारधाडीचे. पाहणारा कोण, तर दिवसभर राबून आलेला कामगार. पांढरपेशा प्रेक्षक तिकडे फारसा फिरकत नसे, आणि समीक्षक तर त्याहून कमी.

सगळंच गोड होतं असं नाही. १९४२ च्या सुमारास एका प्रसंगाच्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवार यांना मारलेली थप्पड खरोखरच जोरात बसली. त्यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. नायिकेच्या भूमिका करणाऱ्या बाई पुढे खाष्ट सासू म्हणून घराघरांत पोचल्या, त्यामागे ही थप्पड होती. माणूस जपायचा म्हणजे त्याची ही बाजूही जपायची. नुसते हार घालायचे तर पुतळे पुष्कळ आहेत.

मग राज कपूरनी सुचवलं, दादा, एकदा सामाजिक चित्रपट करून बघा. त्यातून १९५१ साली ‘अलबेला’ आला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र. गोष्ट काय? प्यारेलाल नावाचा एक साधा, गरीब पोरगा नाटकात काम करायचं वेड घेऊन घर सोडतो. म्हणजे आपल्या प्रत्येक गावात असतो तो. घरचे म्हणतात, “कामधंदा पाह्य ना बे, नाटकं काय करतं!” आणि हा मात्र आरशासमोर उभा. बुटका, गोलमटोल, नायक म्हणून कोणी दारातही उभं केलं नसतं असा माणूस नायक झाला आणि चित्रपट तुफान चालला. पंचवीस खोल्यांचा जुहूचा बंगला, आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या, असं त्या काळाचं वर्णन करतात.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना घसा दाटतो. ‘झमेला’ बेताचाच चालला, ‘लाबेला’ पडला, ‘हंसते रहना’ अर्धवट राहिला. बंगला गेला, गाड्या गेल्या. दादरच्या चाळीतल्या खोलीत परत आलेला हा माणूस मिळतील ती बारीकसारीक कामं करत राहिला. ४ फेब्रुवारी २००२ रोजी तिथेच गेला.

पण राजेहो, बंगला गेल्याचं दुःख मी आज सांगत नाही. बंगले जातात. गोरेगावच्या एका गोदामाला आग लागली आणि भगवानदादांच्या बहुतेक चित्रपटांच्या निगेटिव्ह त्यात जळून गेल्या, हे ते दुःख. जुनी फिल्म नायट्रेटची असायची. एकदा पेटली की विझवणं मुश्कील. पण दोष एकट्या आगीला देऊ नका. त्या चित्रपटांच्या जादा प्रती कोणी काढून ठेवल्या नव्हत्या, कारण ते ‘नुसते हसायचे, मारामारीचे’ चित्रपट होते. जपण्यासारखं त्यात काय, असं सगळ्यांनाच वाटत होतं. आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले आणि आज त्यातले अगदी मोजके उरलेत, त्यामागेही हाच स्वभाव आहे.

आपला स्वभावच असा आहे बघा. रडवणाऱ्याला आपण मान देतो, हसवणाऱ्याला टाळी देतो. टाळी दिली की हिशेब मिटला असं वाटतं. शोकांतिका करणारा नट ‘महान’ आणि पोट धरून हसवणारा ‘भारी माणूस होता बाप्पा!’ म्हणून विनोदी नटाचं काम सगळ्यांत आधी हरवतं. खरं तर हसवणं हे जास्त नाजूक काम. श्वासभर उशीर झाला की विनोद मेला. कोणत्या शब्दावर थांबायचं, कुठे प्रेक्षकांकडे बघायचं, कुठे मुद्दाम नाही बघायचं, हे पुस्तकात लिहिता येत नाही. ते पाहूनच शिकावं लागतं, आणि पाहायला काही उरलंच नाही तर पुढचा पोरगा शिकणार कुठून?

रंगमंचावरच्या नटाची गोष्ट तर आणखी अवघड. राजा गोसावी आठवतात? जन्म १९२५ चा, सातारा जिल्ह्यातला. सिनेमाच्या दुनियेत शिरले ते अगदी खालच्या पायरीवरून, पडेल ते काम करत. १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ आला तेव्हा पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात ते तिकिटं विकायला बसत, आणि ज्या चित्रपटाची तिकिटं विकत त्याचा नायक तेच! खिडकीतून तिकीट घेणाऱ्याला आत गेल्यावर पडद्यावर तोच चेहरा दिसायचा. २८ फेब्रुवारी १९९८ ला गेले तेही प्रयोगाच्या तयारीत, रंगभूषेच्या खोलीत. पडद्यावरचे गोसावी आजही दिसतात. पण रंगमंचावर त्यांनी वर्षानुवर्षं जे केलं, प्रत्येक गावच्या प्रेक्षकाप्रमाणे जे थोडं थोडं बदललं, त्यातलं किती उरलं? ज्यांनी पाहिलं त्यांच्या आठवणीत, एवढंच. आणि ज्यांनी पाहिलं त्यांतले पुष्कळ जण आता म्हातारे झालेत.

‘लाखाची गोष्ट’ लिहिणारे ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा कॉलेजात असलेली, मांडवात मागे बसून ऐकलेली मंडळी आपल्या जिल्ह्यात अजून असतील. त्यांना कोणी विचारलंय का, काय ऐकलं, काय आठवतं?

कोणी म्हणेल, हे सगळं पुण्या-मुंबईचं. दारव्ह्याचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, पण आडनावात आपलं गाव घेऊन फिरले. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठीला विनोदाची नवी चव देणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडातच वकिली करत राहिले. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी १९१९ साली सावनेरला गेले, म्हणजे तळीरामासारखं विनोदी पात्र घडवणाऱ्यानं शेवटचा श्वास घेतला तो विदर्भाच्या मातीत. आपल्या शेजारच्या नेर तालुक्यातून मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्स्प्रेस’ निघाली आणि वऱ्हाडी बोलीला मंचावर हशा आणि मान दोन्ही मिळवून दिले. भारत गणेशपुरे टीव्हीवर वऱ्हाडीत बोलले तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं कान टवकारले.

आणि नाव नसलेले किती! पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणून गावाच्या पुढाऱ्याचीच खिल्ली उडवणारा. दंडारीत हातात काठी घेऊन येणारा सोंगाड्या. गणपतीच्या नाटकात लुगडं नेसून आलेला, पदर सावरता सावरता मिशी सुटलेला शेजारचा काका. हे सगळे विनोदी नटच. फरक एवढाच की यांचा ना फोटो, ना नाव, ना निगेटिव्ह. जळायलाही काही नाही.

आपली शकुंतला रेल्वे आठवा. यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्ह्यावरून डुलत जाणारी. चालू होती तोवर तिच्या वेगावर आपण विनोद करत होतो. थांबली तेव्हा गहिवरून आलं. मग फोटो काढायला लोक रुळांवर गेले, पण गाडी कुठे होती? तसं या माणसांच्या बाबतीत व्हायला नको. यातले पुष्कळ अजून आहेत. ओसरीवर बसलेत, चहा पिताहेत, आणि कोणी विचारायची वाट बघताहेत.

तर काय करायचं? पहिलं काम माळ्यावर. आपल्या घरी लोखंडी पेटी असेल, तिच्यात जुनी हँडबिलं, नाटकाचे फोटो, मंडळाची स्मरणिका, पिवळी पडलेली, नकलून काढलेली संहिता सापडेल. रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही पोचा. कृपा करून लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फोनवर नीट फोटो काढा. मूळ कागद कोरड्या पाकिटात ठेवा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं, गाव, साल लिहा. बॉलपेननं नको, दाबलेलं अक्षर पुढच्या बाजूला उमटतं.

कॅसेट सापडल्या तर हौसेनं लगेच टेपमध्ये घालू नका. बुरशी धरलेली फीत एकदाच वाजते आणि मग तुटते. ज्याच्याकडे ती डिजिटल करायची सोय आहे त्याच्याकडे न्या, आणि झालेल्या फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. एकच प्रत, एकच गोदाम, एकच आग. भगवानदादांकडून एवढं तरी शिकूया.

सगळ्यांत घाईचं काम मात्र ओसरीवरचं. फोन उभा करा, रेकॉर्डिंग चालू करा आणि अर्धा तास बसा. “नाटकाच्या आठवणी सांगा” असं म्हणू नका, उत्तर येईल, “काय सांगू बेटा, लई मजा यायची.” नेमकं विचारा. मांडव कुठे पडायचा? पेट्रोमॅक्स कोण आणायचं? कोणत्या वाक्याला हमखास हशा यायचा आणि ते वाक्य कोणाच्या अंगात मुरलं होतं? बायकांचं काम कोण करायचं? मग एखादा ऐंशीचा म्हातारा उठून उभाच राहील आणि करून दाखवेल. तेच टिपायचंय आपल्याला. ते वाक्य वऱ्हाडीतच टिपा, सुधारून शुद्ध करायला जाऊ नका, त्यातली सगळी फोडणी निघून जाईल.

वाचनालय चालवणाऱ्या मंडळींनो, एक कपाट द्या. कुलूप असलेलं, ओल नसलेलं, त्यावर ‘आपला रंगमंच’ अशी पाटी. कॉलेजच्या मराठीच्या सरांनो, मॅडमनो, तुमचा प्रत्येक विद्यार्थी एका माणसाला भेटला तरी वर्षाअखेर चाळीस-पन्नास माणसं जमतील. एवढ्यात एका तालुक्याच्या रंगभूमीचा इतिहास उभा राहतो, आणि तो दुसरं कोणी येऊन लिहिणार नाही. कोणाकडे जुन्या चित्रपटांची पोस्टरं, स्थिरचित्रं, चुकून एखादं रीळ असेल, आपल्याकडे बंद पडलेल्या टॉकीज काही कमी नाहीत, तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हेच काम करतंय. त्यांना कळवा. रीळ घरी उलगडून बघायचा मोह टाळा, आणि देवघरातल्या समईजवळ तर मुळीच ठेवू नका.

१ ऑगस्टला आपल्या शाळांत भाषणं होतातच. लोकमान्यांची पुण्यतिथी, अण्णा भाऊ साठ्यांची जयंती. त्याच दिवशी तिसरंही नाव घ्या की! अण्णा भाऊंनी लोकनाट्य गाजवलं, भगवानदादांनी कामगारांना पडद्यावर हसवलं. दोघांचा प्रेक्षक एकच होता. भाषणं झाली की पोरांना ‘अलबेला’मधला एक नाच दाखवा. बघा, शेवटच्या बाकावरचाही डुलायला लागतो की नाही.

आणि तिकीट काढा. हे राहिलंच होतं. आपल्याकडे नाटक, एकांकिका, नकलांचा कार्यक्रम आला की पास कुठे मिळतो ते आपण आधी बघतो. आयोजक ओळखीचा असला तरी या वेळी पैसे मोजा. आज जो पोरगा स्टेजवर पहिल्यांदा अडखळत विनोद करतोय, त्याला हशाबरोबर घरी जायला गाडीभाडंही लागतं.

मी सुरुवात केली आहे. घरच्या पेटीत एक फोटो मिळाला. पाच जण, मागे रंगवलेला पडदा, पुढे कंदील. चौघांची नावं लागली. डावीकडून दुसरा, डोक्यावर उलटी टोपी, सगळे गंभीर उभे असताना एकटाच हसतोय, तो कोण ते घरात कोणालाच सांगता येत नाही. या रविवारी फोटो घेऊन बाजारातल्या चहाच्या टपरीवर बसणार आहे. तुमच्या घरी कोणी जुनं जाणतं असेल तर त्यांना हात धरून घेऊन या.