सेवेला शिक्का कोण मारणार?

नीटच्या गुणांवरून चांगला डॉक्टर ओळखता येत नाही, म्हणून अमेरिकेप्रमाणे आपल्याकडेही मेडिकलच्या प्रवेशाला समाजसेवा आणि संशोधनाचा अनुभव धरावा, असे काही शहाणी माणसे बोलतात. ऐकायला गोड आहे. आमचा विरोध आहे.

७२० गुणांची नीट न्याय्य आहे असे आम्ही म्हणत नाही. क्लासची फी ज्याला परवडते, त्याचीच ती. पण ओएमआर शीट तपासणारे यंत्र आडनाव वाचत नाही. मुलाखत घेणारा आणि शिफारसपत्र देणारा वाचतो.

बारामतीतल्या डॉक्टरचा मुलगा सुट्टीत काकाच्या हॉस्पिटलात बसेल, पुण्याच्या प्रयोगशाळेत ओळखीने नाव लावेल. आणि आजीला एसटीने सरकारी दवाखान्यात नेणारी, केसपेपरच्या रांगेत उभी राहणारी, आशाताई असलेल्या आईची रजिस्टरे भरणारी इंदापूरच्या वस्तीवरची पोर? तिच्या सेवेला शिक्का कोण मारणार?

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत नीटपूर्वी गांधी विचारांचा पेपर असे. पेपर म्हटला की पाठांतर आलेच! त्याच कॉलेजचे विद्यार्थी प्रवेशानंतर गावात जाऊन राहतात, ते मात्र आम्हाला पटते. सेवा शिकवायचीच तर प्रवेश दिल्यावर शिकवा.

तामिळनाडूने २०२० साली कायदा करून राज्याच्या मेडिकल जागांपैकी ७.५ टक्के सरकारी शाळांत शिकलेल्यांना दिल्या. महाराष्ट्राला कोणी अडवले आहे? बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. इंदापूरच्या झेडपी शाळांतली किती पोरे तिथे पोहोचली, तेवढे आधी सांगा.