बुवांचा वारसा कोणत्या मापाने मोजणार?

दरवर्षी १५ जुलैला, शंकरराव तथा बुवा साळवी यांच्या जन्मदिनी, महाराष्ट्रात ‘कबड्डी दिन’ साजरा होतो. तसबिरीला हार पडतो, ‘कबड्डीमहर्षी’ असा गौरव होतो आणि मूल्यमापनाचे काम पुढील वर्षावर ढकलले जाते. या पोकळीत एक नवे माप घुसले आहे. २०१४ मध्ये व्यावसायिक लीग आली, संघांना धनिक मालक मिळाले आणि खेळाडूंचा लिलाव सुरू झाला. पहिल्या वर्षी सर्वोच्च बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ मध्ये ती १ कोटी ५१ लाखांवर गेली. या झगमगाटाने दिपलेले लोक म्हणतात, बुवांनी खेळ मातीत ठेवला, मालकांनी त्याचे सोने केले.

या युक्तिवादाला उत्तर देण्यास ते २०१८ सालच पुरेसे आहे. त्याच वर्षी जाकार्ता येथे भारतीय पुरुषांनी १९९० पासून राखलेले आशियाई सुवर्णपदक गमावले. त्याच ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाचे आजीव अध्यक्ष आणि अध्यक्षपदी बसलेल्या त्यांच्या पत्नी या दोघांचीही निवड रद्द केली. बोली कोटीवर गेली, पदक गेले आणि संघटनेची अब्रूही गेली.

१९९० साली बीजिंगमध्ये कबड्डी पदकाचा खेळ झाली, ती कोणा मालकाच्या थैलीमुळे नव्हे. १९७२ मध्ये हौशी महासंघ उभा राहिला आणि विस्कळीत खेळाला एक शिस्त लागली, ती बुवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पायपिटीतून. हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु भक्तांनी एक दोषही झाकू नये. त्या पिढीने संघटना बांधली, पण तिची सूत्रे खेळाडूंच्या हाती दिली नाहीत. म्हणूनच ती पुढे एका घराच्या दावणीला बांधली जाऊ शकली.

तेव्हा खरे माप पदकांचे नाही आणि बोलीचेही नाही. कष्टकऱ्याच्या मुलाला खेळायला जागा आणि खेळल्यावर भाकरी मिळते काय, हेच ते माप होय. लालबाग-परळच्या कामगारवस्तीने हा खेळ जोपासला. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचे प्रदर्शन झाले, तेव्हा १८ जानेवारीपासून संपावर गेलेल्या गिरणी कामगारांच्या चुली विझत होत्या. त्याच कामगारांना सरकारने आता रायगडात, वांगणी आणि नेरळ यांच्यामधील शेलूत घरे देऊ केली. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर जमून त्यांनी मुंबईतच घर मागितले. ती मागणी न्याय्य आहे.

मात्र शेलूच्या भातखाचरांवर इमारती उठणारच असतील, तर तेथील मुलांचे मैदान आधी आखून घेतले पाहिजे. पुढच्या १५ जुलैला कार्यकर्त्यांनी हार बाजूला ठेवून ही एकच मागणी तहसील कचेरीवर न्यावी. बुवांचा वारसा जपायचा तो असा.