कटाची आमटी

होळीच्या दिवशी घरोघर पुरणपोळी होते आणि जेवणारे पोळीचे तोंड भरून कौतुक करतात. ते योग्यच आहे. परंतु त्याच ताटात एका वाटीत कटाची आमटी असते, तिच्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. लक्ष जात नसले, तरी वाटी दोनदा भरून घेतली जाते, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

या आमटीसाठी निराळी डाळ शिजवावी लागत नाही. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ सढळ पाण्यात शिजवितात आणि पुरण सैल होऊ नये म्हणून ते पाणी निथळून घेतात. हाच कट, कित्येक ठिकाणी त्याला येळवणी म्हणतात. डाळीचा अर्क त्यात उतरलेला असतो. अजाण माणूस तो ओतून देईल. जाणती गृहिणी त्यात मूठभर शिजलेली डाळ घोटून घालते, भाजलेले सुके खोबरे आणि जिरे वाटून लावते, चिंच, गूळ व गोडा मसाला घालते आणि वरून खमंग फोडणी देते. सणाच्या गोड जेवणाला ज्या तिखट-आंबट चवीची गरज असते, ती अशी जवळजवळ फुकट मिळते.

जितका खर्च अधिक तितकी चव अधिक, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. माझ्या मते ती चुकीची आहे. चव पैशाने जितकी येते, त्याहून अधिक ती विस्तवाच्या, वेळेच्या आणि क्रमाच्या ज्ञानाने येते. फोडणीचेच पाहा. मसाल्यांतील सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात अधिक चांगली उतरतात. म्हणून चिमूटभर जिरे तापलेल्या तेलात पडले की घरभर वास दरवळतो आणि तेच जिरे नुसत्या पाण्यात उकळले तर तितका वास येत नाही. तेल पुरते तापले नाही तर मोहरी तडतडत नाही. अधिक तापले तर हळद करपते आणि सारा पदार्थ कडवट होतो. त्यात खर्च एक पैशानेही वाढत वा घटत नाही. फरक पडतो तो केवळ करणारीच्या अवधानाचा.

येथे स्वस्त आणि किफायतशीर यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. फार दिवस पडून राहिलेली मसाल्याची पूड कमी किमतीत मिळाली, तरी तिचा सुगंध उडून गेलेला असतो. दुप्पट घातली तरी चव येत नाही. त्यापेक्षा अख्खे धने थोडेच आणून लागतील तसे भाजून कुटावेत. खवट शेंगदाणे कितीही स्वस्त असले, तरी ते महागच पडतात. उलट, वाटीभर मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली की मोड येऊन ती दुपटीहून अधिक होते, आणि कोरड्या मटकीत जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तिच्यात निर्माण होते. भाकरीबरोबर ती उसळ खाल्ली म्हणजे धान्यातील प्रथिनांची उणीव कडधान्य भरून काढते. आपल्या आजीला हे शास्त्र शब्दांत सांगता आले नसते, परंतु तिचे ताट त्याप्रमाणेच वाढलेले असे. दोडक्याच्या शिरा फेकून न देता तीळ-खोबऱ्याबरोबर तव्यावर परतून तिने केलेली चटणी ज्यांनी चाखली आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नको.

हे ज्ञान ग्रंथांतही आले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगले यांनी वाटी-चमच्याच्या मापाने कृती दिल्या आणि अनेक नवशिक्यांची भीती गेली. परंतु समाजाने या ज्ञानाला विद्येचा मान कधी दिला नाही. याचा दोष मी दुसऱ्यांवर ढकलीत नाही. एकदा वर्गात मी ‘माझा आवडता पदार्थ’ असा निबंध लिहावयास दिला. बहुतेकांनी श्रीखंड आणि जिलबी यांवर लिहिले. ते पदार्थ कसे होतात, हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. एका मुलाने शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यावर लिहिले होते. आई भाकरीवर ताकाचा हबका कसा मारते, कांदा कितपत परतते, हे त्याने अचूक टिपले होते. मी समासात लाल शाईने लिहिले, ‘याहून चांगला पदार्थ निवडावयास हवा होता.’ ते वाक्य आजही मला बोचते. वर्गातला सर्वांत चांगला निबंध तोच होता.

ज्वारी-बाजरी ही कालपर्यंत गरिबाची धान्ये होती. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि आता तीच धान्ये सुबक वेष्टनांत शहरांतील दुकानांत मानाने बसली आहेत. किंमत वाढली तेव्हा आम्हांला त्यांचे गुण दिसले!

मात्र काटकसरीचे गोडवे गाताना एक गोष्ट माझ्या मनात सलते. कित्येक घरांत ही काटकसर सर्वांच्या ताटांत सारखी वाटली जात नाही. रांधणारी शेवटी जेवावयास बसते, तेव्हा उसळीचा रस्सा तेवढा उरलेला असतो. तिच्या उपासमारीतून वाचलेल्या पैशाला मी सुगरणपणा म्हणणार नाही. सुनेच्या हातची कटाची आमटी आमच्याही घरी तिच्या पानापर्यंत क्वचितच पोहोचत असे. गेल्या होळीला पंगत बसण्यापूर्वी मी एक वाटी भरून झाकून ठेवली. ही कोणासाठी, असे नातवंडांनी विचारले. सांगितल्यावर धाकट्याने आपल्या ताटातली एक पोळी उचलून तिच्याशेजारी नेऊन ठेवली.