थेरपिस्टची जात नको, जातीबद्दलची समज विचारा

विहारात किंवा अभ्यास मंडळात मानसिक आरोग्याचा विषय निघाला की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "थेरपी हे पैसेवाल्यांचं खूळ आहे, आपलं औषध म्हणजे संघर्ष." दुसरा म्हणतो, "ते शिकलेले लोक आहेत, सांगतील ते निमूट ऐकावं." आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. पहिला सूर त्रासात असलेल्या माणसाला एकटं पाडतो. दुसरा त्याला पुन्हा कोणाच्या तरी पुढे हात जोडून उभं करतो.

१७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला डॉ. पायल तडवी गेली. संस्थांना जाब विचारण्याची ती लढाई चालूच राहील. पण आज रात्री हॉस्टेलच्या खोलीत ज्याला झोप लागत नाही, त्याला निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. त्याला आजच कोणाशी तरी बोलायचं असतं. तो 'कोणी' कसा असावा, हा आमच्या दृष्टीने चळवळीचाच प्रश्न आहे.

वस्तीत काम करताना एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. स्पर्धा परीक्षेसाठी शहरात आलेली मुलगी. आडनाव कळल्यावर खोलीतल्या मुली पाण्याची बाटली वेगळी ठेवू लागतात. अभ्यास सुटतो, जेवण सुटतं. हिंमत करून ती समुपदेशकाकडे जाते. तिथे ऐकायला मिळतं, "आता कोण जात मानतं? तू मनाला फार लावून घेतेस." ती बाहेर पडते तेव्हा मूळ दुखणं तसंच असतं, वर स्वतःच्या अनुभवावरच शंका घेण्याचं नवं दुखणं घेऊन ती घरी येते.

काही जण म्हणतील, थेरपिस्ट तटस्थ असतो, जात मध्ये कशाला आणता? जात आपण आणत नाही, ती त्या खोलीत आधीपासून बसलेली असते. ज्याला आयुष्यात कधी आडनाव लपवावं लागलं नाही, त्याला आपली जात दिसत नाही, आणि तो त्यालाच तटस्थपणा म्हणतो. थेरपी विश्वासावर चालते. अर्धी गोष्ट गिळून अर्धीच सांगायची असेल तर उपचारही अर्धाच होणार.

मग थेरपिस्ट आपल्याच जातीचा शोधायचा का? आमचं उत्तर आहे, तेवढ्याने भागत नाही. आपल्यातलाच एखादा शिकून वर गेलेला माणूसही "मी केलं, तुला का जमत नाही?" म्हणू शकतो. लहान गावात तर आपला माणूस मामाच्या ओळखीचा निघतो आणि तोंड उघडायचीच भीती वाटते. उलट, दुसऱ्या समाजातला पण जात नीट समजून घेतलेला थेरपिस्ट उत्तम काम करू शकतो. प्रत्येक दुखणं जातीवर ढकलणाराही उपयोगाचा नाही, कारण नैराश्य हा आजार आहे आणि कधी कधी त्याला औषध लागतंच.

म्हणून आधी पात्रता तपासा. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. 'समुपदेशक' अशी पाटी दिसली तर शिक्षण काय, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारा.

मग पहिल्याच फोनवर विचारा : जातीय अपमानातून आलेल्या त्रासावर तुम्ही काम केलं आहे का? आरक्षणातून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर केलं आहे का? आपण मराठीत, माझ्या बोलीत बोलू शकू का? फी किती, आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे का? "मला याची फार माहिती नाही, पण समजून घेईन" म्हणणारा चालेल. प्रश्न ऐकून चिडणारा चालणार नाही.

तीन-चार भेटींनंतर स्वतःला विचारा, इथे मला खरं बोलता येतं का? थेरपीत अवघड वाटणारच, जुनी जखम उघडली की दुखतंच. पण दुखणं वेगळं आणि खजील होणं वेगळं. दर वेळी खाली मान घालून बाहेर पडत असाल तर थेरपिस्ट बदला. तो कृतघ्नपणा नाही. औषधं चालू असतील तर मात्र ती मनाने बंद करू नका, नवा डॉक्टर मिळेपर्यंत चालू ठेवा.

हे उपकार मागणं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे आणि कलम २३ मध्ये गोपनीयतेचा. सरकारी दवाखान्यात निवडीला वाव कमी असतो, हे आम्ही जाणतो. तरी डॉक्टर बदलून मागता येतो, सोबत कार्यकर्ता नेता येतो. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. जीव नकोसा वाटत असेल तर योग्य थेरपिस्ट शोधत बसू नका. आधी तिथे फोन करा आणि जवळच्या माणसाला सोबत बोलवा.

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितलं की एखादा आपला गुरू आहे एवढ्यावरून त्याचं मानू नका, पारखून घ्या. गुरूला जी कसोटी लागू होते, ती थेरपिस्टलाही लागू होते.

राहिलं चळवळीचं काम. प्रत्येक जिल्ह्यात विश्वासाच्या थेरपिस्टची यादी हवी, जयंतीच्या वर्गणीतून काही रक्कम विद्यार्थ्यांच्या उपचारासाठी बाजूला हवी, आणि आपली मुलंमुली क्लिनिकल सायकॉलॉजीत जायला हवीत. डीजेचं बिल भागवणाऱ्या मंडळाला एका विद्यार्थ्याच्या चार भेटींची फी जड नाही.

जयभीम!